जुनं वाचनालय सॉफ्टवेअर, नवीन विंडोज आणि दर चार दिवसांनी बिघडणारा इंडेक्स

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंचा आहे. थोडक्यात असा. अठरा हजारांच्या आसपास पुस्तकं, दोन मशीनं. २००६ साली ओळखीच्या एका प्रोग्रामरने व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये (मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) देवघेवीचं सॉफ्टवेअर करून दिलं. तो पुण्याला गेला, आता फोन लागत नाही. डेटा आतल्या खोलीतल्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर होता. काउंटरला विंडोज ११ चं नवीन मशीन आलं आणि त्याला एक्सपीचं फोल्डर दिसेना. दुकानातल्या मुलाने 'एसएमबी वन' (फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत) चालू करून दिलं, काम सुरू झालं. मग पावसात एक्सपीचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला, दीड महिना मशीन दुरुस्तीत. परत आणून लावलं तर फोल्डर पुन्हा गायब. शेवटी कंटाळून सगळा डेटा विंडोज ११ वरच हलवला आणि आतल्या खोलीत विंडोज १० चं एक जुनं मशीन घेऊन त्याला जोडलं. आता सगळं दिसतं, पण दर दोन-चार दिवसांनी इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) टेबलशी, म्हणजे नोंदींच्या तक्त्याशी, जुळत नाही असा संदेश येतो, आणि कधी कधी टाकलेली पुस्तकं सापडत नाहीत. ताई विचारतात, एसएमबी वन परत चालू करून एक्सपीवरच जाऊ का?

नको. पण का नको ते नीट सांगायला हवं, कारण यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुमच्या दुकानदाराने (आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा) दोन्हींना एकच औषध दिलंय. पहिलं दुखणं दाराचं: दोन मशीनांची भाषा जुळत नाही म्हणून एकमेकांना आत घेत नाहीत. दुसरं वहीचं: आत घेतलं, पण एकाच वहीत दोघं लिहायला लागले की खाडाखोड होते. दार उघडलं म्हणून वही सुरक्षित होत नाही. तुमचं पहिलं दुखणं डेटा हलवला तेव्हाच बरं झालं. आता जे चाललंय ते दुसरं आहे.

मी सावंतवाडीकडचा. बावीस वर्षं शाळा, पतसंस्था आणि वाचनालयांची मशीनं सांभाळतो. यातली निम्मी अजून फॉक्सप्रो नाहीतर क्लिपरवर (तसंच आणखी जुनं डॉसमधलं साधन) आहेत, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. तुमच्या मशीनसमोर मी बसलेलो नाही, तेव्हा जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं म्हणेन.

आधी दाराचं उरकून घेऊ. विंडोजमध्ये फोल्डर शेअर करतो तेव्हा मशीनं आपसात एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात. त्याची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. व्हिस्टाबरोबर दुसरी आली, विंडोज ८ बरोबर तिसरी, आणि विंडोज १० पासून ३.१.१ चालते. एक्सपीला फक्त पहिली येते. पहिली आवृत्ती इतकी वर्षं चालत राहिली ती मे २०१७ पर्यंत. त्या महिन्याच्या १२ तारखेला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच एसएमबी वनमधल्या खिंडारातून. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण तो टाकला होता कुणी! एक्सपीचा सपोर्ट २०१४ च्या एप्रिलमध्ये संपलेला असूनही त्यासाठी वेगळा पॅच काढावा लागला, यावरून प्रकरण किती हाताबाहेर गेलं होतं ते कळेल. २०१७ च्याच ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमधून एसएमबी वन टप्प्याटप्प्याने काढून टाकायला सुरुवात झाली. लिनक्सवर फोल्डर शेअर करणाऱ्या सांबा या प्रोग्रामनेही २०१९ मध्ये, ४.११ आवृत्तीपासून, ते आपणहून बंद ठेवलं.

म्हणून तुमच्या नवीन मशीनला ८००७००३५ क्रमांकाची, 'नेटवर्क पाथ सापडला नाही' अशी एरर येत होती. पाथ बरोबर होता, केबल बरोबर होती. समोरचा मोडीत बोलतोय आणि ऐकणाऱ्याला मोडी येत नाही, एवढंच.

मग मुलाने चालू केलेलं एसएमबी वन आपोआप गेलं कसं? माझा अंदाज सांगतो, तुम्ही तपासून पाहा. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये एसएमबी १.० च्या खाली तीन खुणा असतात: क्लायंट, सर्व्हर आणि 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'. तिसरी खूण असेल, तर एसएमबी वन वापरात नसलेले एकूण १५ दिवस भरले की विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. मशीन बंद असतं तो वेळ त्यात धरत नाहीत. तुमचं एक्सपी दीड महिना दुरुस्तीत होतं, काउंटरचं मशीन रात्रंदिवस चालू होतं असं तुम्हीच लिहिलंय. बाकी हिशेब उघड आहे. दुकानातल्या मुलाची यात चूक नाही, ही खूण बघायची हे मलाही तीन ठिकाणी हात पोळल्यावर कळलं.

दाराबाबत आणखी दोन गोष्टी, कारण पुढे अडतील. एक, 'नेटवर्क' उघडल्यावर मशीनची नावं दिसत नाहीत म्हणजे शेअर बंद आहे असं नव्हे. ती जुनी यादीसुद्धा एसएमबी वनच्या जीवावर चालायची. सरळ दोन उलट्या रेघा, मशीनचं नाव नाहीतर आयपी पत्ता आणि फोल्डरचं नाव टाइप करून बघा. दोन, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर पासवर्डशिवाय, म्हणजे गेस्ट म्हणून, आत जाणं प्रो आवृत्तीतही बंद झालंय आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटावर (पॅकेटवर) डिजिटल सही मागितली जाते. 'एव्हरीवन'ला परवानगी देऊन मोकळं व्हायची आपली सवय आता चालणार नाही. डेटाच्या मशीनवर 'वाचनालय' नावाचं साधं खातं काढा, त्याला खरा पासवर्ड द्या आणि दुसऱ्या मशीनवर तो एकदा साठवून ठेवा. आणि फॉक्सप्रो 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने चालवत असाल तर मॅप केलेला झेड ड्राइव्ह (शेअर फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर) त्याला दिसणार नाही. तो तुमच्या साध्या लॉगिनचा ड्राइव्ह असतो, अॅडमिनचा वेगळा. याच एका गोष्टीवर मालवणातल्या एका शाळेत माझा अख्खा शनिवार गेला होता.

आता वहीकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे.

आजकालची वाचनालय सॉफ्टवेअरं, कोहा घ्या किंवा ई-ग्रंथालय, डेटा एका सर्व्हर प्रोग्रामच्या ताब्यात देतात. काउंटर त्याला सांगतो, 'हे पुस्तक या सभासदाला दे', आणि लिहिण्याचं काम तो एकटाच करतो. फॉक्सप्रोचं तसं नाही. तिथे डेटा म्हणजे साध्या फायली. डीबीएफमध्ये नोंदी, सीडीएक्समध्ये इंडेक्स, एफपीटीमध्ये लांब मजकूर. प्रत्येक काउंटरवरचा प्रोग्राम नेटवर्कवरून जाऊन थेट त्या फायलीत लिहितो. जिच्यावर डेटा आहे ती मशीन नुसती कपाट आहे, तिला फॉक्सप्रो म्हणजे काय ते ठाऊकही नाही. कोण कुठे लिहितंय हे ठरतं ते दोन्ही प्रोग्रामनी फायलीच्या ठरावीक तुकड्यांना लावलेल्या कुलपांवर, आणि ती कुलपं वाहून नेतो एसएमबी.

तुमच्या दाखल नोंदवहीचंच उदाहरण घ्या. वही कपाटात आहे. एक जण म्हणतो, 'सारखं उठून कपाटाकडे कशाला जाऊ, वही माझ्याच टेबलावर ठेवतो. दुसऱ्या कुणाला लागली तर हाक मारा, लिहायचं राहिलंय ते लिहून परत देतो.' विंडोजमध्ये याला जुन्या भाषेत ऑपलॉक म्हणतात, नवीन भाषेत लीज. एकटा माणूस असेल तर काम झपाट्याने होतं. पण हाक मारली आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली, किंवा केबल हलली, किंवा वायफायने मान टाकली, तर त्याच्या मनात असलेल्या चार ओळी वहीत उतरतच नाहीत. शिवाय एसएमबीची दुसरी आवृत्ती आल्यापासून क्लायंट मशीन फायलीची माहिती आपल्याकडे लक्षात ठेवतं. फाइल केवढी आहे, फोल्डरमध्ये काय काय आहे हे सहसा १० सेकंद, आणि अमुक फाइल नाही हे ५ सेकंद. वर्ड-एक्सेलला त्याने काही फरक पडत नाही. पण फाइल आत्ता, या क्षणी किती लांब आहे यावर ज्याचं सगळं लिहिणं अवलंबून आहे, त्याला १० सेकंद जुनी माहिती विषासारखी.

एसएमबी वनच्या काळात रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक आकडा बदलून ऑपलॉक बंद करता यायचे, आणि फॉक्सप्रोवाले प्रोग्रामर ते न विसरता करायचे. तुमच्या प्रोग्रामरनेही २००६ मध्ये एक्सपीवर केलं असणार, म्हणूनच तुमची इतकी वर्षं सुखाने गेली. नव्या एसएमबीला तो रजिस्ट्रीतला आकडा ऐकूच येत नाही. डेटा नवीन मशीनवर हलवला तेव्हा तुमच्या नकळत ते जुनं कुंपण काढलं गेलं.

यातून बिघडतं म्हणजे नेमकं काय, ते एकदा जवळून बघा. दोन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका वाचनालयातून फोन आला. गेलो तर तिथले शिपाईकाका हातात पुस्तक घेऊनच उभे. म्हणाले, "साहेबांनू, पुस्तक हयच आसा, पण मशीन म्हणता नाय!" आदल्या दिवशी दुपारी तीन नवीन पुस्तकं दाखल केली होती, ती शोधात येत नव्हती. मी ग्रंथांच्या डीबीएफची कॉपी घेतली आणि कागदावर हिशेब मांडला. चोवीस रकाने, म्हणजे फाइलचं डोकं १,०६४ बाइटचं. एक नोंद ४१२ बाइटची. फाइल ७५,८८,०४५ बाइटची. डोकं आणि शेवटचा एक खुणेचा बाइट वजा करून ४१२ ने भागलं, उत्तर आलं बरोबर १८,४१५. पण फाइलच्या डोक्यात, पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये, जिथे एकूण नोंदींचा आकडा ठेवलेला असतो, तिथे होतं १८,४१२. तीन नोंदी फायलीत लिहिलेल्या होत्या, पण फाइल त्यांना आपलं मानत नव्हती. मजकूर पोचला, आकडा वाढवणारं लिहिणं वाटेत हरवलं.

यातला धोका लक्षात घ्या. अशा अवस्थेत तुम्ही नवीन पुस्तक दाखल केलंत, तर फॉक्सप्रो १८,४१२ च्या पुढे, म्हणजे त्या हरवलेल्या पहिल्या नोंदीच्या डोक्यावरच ते लिहिणार. मग ती खरोखरच गेली. म्हणून इंडेक्स जुळत नाही असं आलं किंवा टाकलेलं पुस्तक दिसेना, तर आधी दोन्ही मशीनांवर काम थांबवायचं. रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, नंतर. त्याआधी तिन्ही प्रकारच्या फायली दुसरीकडे कॉपी करा. रीइंडेक्स करताना दुसरं मशीन सॉफ्टवेअरमधून बाहेर आलेलं हवं. आणि कुणी कितीही सांगितलं तरी सीडीएक्स फाइल डिलीट करू नका, नाव बदलून ठेवा. कुठल्या रकान्यावर कोणता इंडेक्स आहे याची व्याख्या त्याच फायलीत असते. तुमचा प्रोग्राम ती नव्याने बनवतो की नाही हे सोर्स हातात असल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

मग करायचं काय? वाटा तीन आहेत, आणि कोणती घ्यायची ते एका प्रश्नावर ठरतं. तुम्हाला खरोखर एकाच वेळी दोन ठिकाणांहून लिहायचं असतं का?

मी हा प्रश्न विचारतो तेव्हा सगळे आधी हो म्हणतात. मग मी अर्धा दिवस काउंटरपाशी बसतो. संध्याकाळच्या दोन तासांत देवघेव होते, ती एकाच मशीनवर. आतल्या मशीनवर कुणीतरी शोधत असतं, 'रणांगण आहे का हो?' किंवा वार्षिक अहवालासाठी आकडे काढत असतं. नवीन पुस्तकं दाखल होतात ती अनुदानाचा हप्ता आला की, वर्षातून दोन-तीनदा, ढिगाने. म्हणजे लिहिणारा हात बहुतेक वेळ एकच असतो, दुसरा नुसता वाचतो.

तसं असेल तर माझं मत स्पष्ट आहे. डेटा आणि प्रोग्राम दोन्ही काउंटरच्या मशीनवर ठेवा, त्याच्याच डिस्कवर. लिहिणं फक्त तिथूनच. नेटवर्कवरून कुणीही त्या मूळ फायलीला हात लावायचा नाही. आतल्या मशीनला शोधण्यासाठी रोजची कॉपी द्या. सकाळी उघडण्याआधी एक छोटी बॅच फाइल फोल्डर उचलून तिकडे ठेवते. आतल्या मशीनवर आज दिलेलं पुस्तक 'उपलब्ध' दिसेल, एवढाच तोटा, आणि तो प्रश्न हाक मारून सुटतो. नवीन पुस्तकं दाखल करायची असतील तेव्हा दुपारी, देवघेव नसताना, काउंटरवरच बसायचं. ऐकायला मागासलेलं वाटतं, माहीत आहे. समितीतल्या एका तरुण सदस्याने मला तोंडावर सांगितलं होतं की हे नेटवर्क असून नसल्यासारखं झालं. झालं खरं. पण त्या वाचनालयात तेव्हापासून इंडेक्स एकदाही बिघडलेला नाही.

दोन्हीकडून लिहिणं अटळ असेल, समजा बालविभागाची देवघेव वेगळ्या खोलीत होते, तर दुसरी वाट. डेटा विंडोज ११ वर, नवीन एसएमबीनेच, पण ते हरवलेलं कुंपण परत घालून. डेटाच्या मशीनवर पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) अॅडमिन म्हणून उघडून त्या शेअरचा 'लीजिंग मोड' 'नन' करायचा, 'सेट एसएमबीशेअर' या आज्ञेने. म्हणजे वही कपाटातच राहील, कुणाच्या टेबलावर जाणार नाही. मग दुसऱ्या मशीनवर 'सेट एसएमबीक्लायंटकॉन्फिगरेशन'ने डिरेक्टरी, फाइल इन्फो आणि फाइल नॉट फाउंड या तिन्ही कॅशचा (वर सांगितलेल्या, लक्षात ठेवलेल्या माहितीचा) कालावधी शून्य करायचा. दोन्ही मशीनं रीस्टार्ट. झालं की दुसऱ्या मशीनवर 'गेट एसएमबीकनेक्शन' मारून डायलेक्टचा, म्हणजे एसएमबीच्या आवृत्तीचा, रकाना बघा. तिथे ३.१.१ दिसायला हवं. १.५ दिसलं तर समजा, अजून मोडीच चालली आहे. काम थोडं हळू होईल, शोधायला एक-दोन सेकंद जास्त लागतील. ते सोसा.

पण या आज्ञा मारल्या म्हणजे सुटलो असं आपल्या किनाऱ्यावर होत नाही. मी आधी केबलचं टोक काढून बघतो. खाऱ्या हवेत आरजे-४५ च्या पिना दोन पावसाळ्यांत हिरव्या पडतात. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून एक जोडी गंजली की कार्ड गुपचूप १०० वर उतरतं, कधी तुटतं-जोडतं, आणि तुम्हाला वाटतं सॉफ्टवेअरच बिघडलं. टोकं नवी मारून घ्या, पन्नास रुपयांचंही काम नाही. फॉक्सप्रोचा डेटा वायफायवर कधीही नको. नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये वीज वाचवण्यासाठी ते झोपवायची परवानगी असते, ती काढा, आणि डेटाच्या मशीनचा स्लीप बंद करा. यूपीएस फक्त मशीनला असतो आणि स्विच भिंतीतल्या प्लगवर, हे मी दहातल्या सात ठिकाणी पाहतो. लाईट गेली की दोन्ही मशीनं जिवंत आणि मधली वाट मेलेली, याहून वाईट अवस्था नाही. स्विचही यूपीएसवर घ्या.

आणि डेटाचं फोल्डर डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवू नका. नवीन मशीनं ती फोल्डरं परस्पर इंटरनेटवर चढवत असतात. उघड्या डीबीएफला असं मधेच कुणी हात लावला की काय होतं ते वर सांगून झालंय. सी ड्राइव्हच्या मुळाशी साधं फोल्डर करा.

तिसरी वाट फक्त त्यांच्यासाठी ज्यांची एक्सपी सुटतच नाही. प्रोग्राम प्रिंटर पोर्टला लावलेल्या कुलपाशिवाय चालत नाही, किंवा तो डॉसमधला सोळा-बिटी आहे आणि विंडोज ११ वर उघडतच नाही (विंडोज ११ चौसष्ट-बिटीच येतं, त्यात सोळा-बिटी प्रोग्राम चालत नाहीत). तुमचं व्हिज्युअल फॉक्सप्रो बत्तीस-बिटी आहे, ते चालतं, तेव्हा तुम्हाला हे लागू नाही. ज्यांना लागू आहे त्यांनी एक्सपी इंटरनेटपासून पूर्ण तोडावी, तिचा स्विच वेगळा ठेवावा, आणि जमलं तर तिला व्हर्च्युअल मशीनमध्ये (नव्या मशीनच्या आत चालणाऱ्या नकली मशीनमध्ये) घालून त्या एकाच खिडकीत सगळं काम करावं. मध्ये लिनक्सचा सांबा दुभाषी म्हणून बसवता येतो. तो एका बाजूने जुनी भाषा बोलतो, दुसऱ्या बाजूने नवीन, आणि डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी या फायलींवर ऑपलॉक देऊ नको असं त्याला नेमकं सांगता येतं. मी दोन ठिकाणी बसवलाय. चालतो, पण सांभाळणारा माणूस जवळपास हवा. आपल्याकडे तोच मिळत नाही.

हे सगळं झालं दोन-तीन वर्षांची सोय. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती ९.०, २००४ ची, आणि तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे तुमचं आतलं मशीन इंटरनेटला न जोडलेलंच बरं. केव्हातरी डेटा बाहेर काढावाच लागेल, आणि तिथे आपल्या मराठी वाचनालयांचा खास अडसर आहे. त्याची तयारी आत्तापासून करा.

तुमच्या डीबीएफमध्ये मराठी युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या मशीनांना कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नाही. त्या काळातल्या सॉफ्टवेअरांत अक्षरं फाँटच्या तुकड्यांच्या रूपात साठवली जायची. डीव्हीबी-टीटी योगेश किंवा श्रीलिपीचा फाँट लावला की 'किनारा' दिसतं, फाँट काढला की इंग्रजी चिन्हांचा चिवडा. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही नेमकं उलट. म्हणून नुसतं चिन्हाला चिन्ह बदलणारं कन्व्हर्टर चालवलं की 'किनारा' मोडतो आणि 'कर्नाळा'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. चांगलं कन्व्हर्टर ही जागांची अदलाबदल करतं. आधी शंभर नावं चालवून डोळ्यांनी तपासा, आणि ती निवडताना वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असलेलीच घ्या. 'माझा गाव' प्रत्येक कन्व्हर्टरला जमतं, 'स्मृतिचित्रे' जमलं पाहिजे. डीबीएफ बघायची असेल तर लिबरऑफिस कॅल्कमध्ये कॉपी उघडा. ते कॅरेक्टर सेट विचारेल तेव्हा वेस्टर्न युरोप, विंडोज-१२५२ द्या. दुसरं काही दिलंत तर काही चिन्हं कायमची बदलतात आणि मग ती परत जुळवणं म्हणजे तांदळातून खडे वेचणं.

बॅकअपबद्दल फार लिहीत नाही, चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिलाय. एवढंच, की सॉफ्टवेअर दोन्हीकडे बंद करून मगच कॉपी घ्यायची. उघड्या डीबीएफची कॉपी म्हणजे अर्धवट लिहिलेल्या पानाचा फोटो. वारांच्या नावाची सात फोल्डरं करा म्हणजे बिघाड चार दिवसांनी लक्षात आला तरी मागे जाता येतं. त्यातली एक प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर, कार्यवाहांच्या घरी, वरच्या मजल्यावर.

तुम्हाला आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. एक दिवस देवघेव वहीवर करा, सभासद कुरकुरतील, चालेल. त्या दिवशी पूर्ण कॉपी घ्या आणि वर दाखवला तसा भागाकार ग्रंथ, सभासद आणि देवघेव या तिन्ही टेबलांवर करा. नोंदीची आणि डोक्याची लांबी फाइलच्या पहिल्या ३२ बाइटमध्येच मिळते, नववा-दहावा बाइट डोक्याची, अकरावा-बारावा नोंदीची. आकडे जुळले तर रीइंडेक्स करून पहिल्या वाटेने काम सुरू करा. एखादा जुळला नाही तर काही दुरुस्त करू नका. त्या टेबलाची फाइलची लांबी, डोक्याची लांबी, नोंदीची लांबी आणि डोक्यातला आकडा एवढ्या चार संख्या मला कळवा, सभासदांची नावं-पत्ते असलेली फाइल पाठवू नका. फरक दहा-वीस नोंदींचा असेल तर तो फोनवरून सोडवता येतो.

आणि ती एक्सपी भंगारात देऊ नका. डिस्क काढा, कोरड्या पिशवीत सिलिकाच्या पुड्यांसकट घाला, वर तारीख लिहा आणि दाखल नोंदवह्या ठेवता त्याच कपाटात ठेवा. डेटा हलवला त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी तिच्यावर शाबूत आहेत. भागाकार चुकला तर पहिली गरज तिचीच लागेल.